हंगाम कोणी शिकवायचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या आषाढात माझ्या चुलतभावाने एक तितरी मारली. तो अकरा वर्षांचा आहे. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात. गुलेलीचा नेम बरोबर लागला म्हणून पाखराचे पाय धरून तो नाचतच घरी आला. मोबाईलवर त्याने तिचा फोटोही काढून ठेवला होता. मी त्या वेळी रोवणीसाठी गावी गेलो होतो. मी त्याला चांगलेच रागे भरलो. वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हा गुन्हा आहे, नाकेदाराला कळले तर घरच्यांना धरून नेतील, असे सर्व काही एका दमात सांगून टाकले. पोरगा शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी त्याने विचारले, "मंग आबाजीले कावून नाई नेलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ओसरीवर बसलेल्या आबाजींनीही मान खाली घातली. मित्रहो, हा लेख त्या एका प्रश्नातून लिहिला आहे.

माझे आबाजी फासे लावीत. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. आमच्या घरी दोन एकर धानाची शेती. बाकी सारी मजुरी. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आबाजी घोड्याच्या केसांचे फासे बांबूच्या काड्यांना बांधून धुऱ्याच्या कडेने ओळीने रोवीत आणि पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलता करीत. रानातला तितर त्याच्याशी भांडायला धावत येई आणि फासात सापडे. कधी लावे मिळत. बहुतेक घरीच खाल्ले जात. एखाददुसरे आठवडी बाजारात जाई. वयामुळे म्हणा, नाकेदाराच्या धाकाने म्हणा, त्यांनी फासे सोडले त्याला आता माझ्या वयाइतकी वर्षे झाली. मला त्या फाशांचा अभिमान नाही. परंतु एका शिबिरात वक्त्यांनी "शिकारी म्हणजे निसर्गाचा शत्रू" असे म्हटले तेव्हा मी माझी मान खाली घातली, याचेही मला आता वाईट वाटते. कारण पाखरांविषयी मला जे काही ठाऊक आहे ते त्या शत्रूनेच मला शिकविले आहे.

आबाजींचे काही नियम होते. मृग निघाला की फासे आढ्याला टांगायचे, ते दसऱ्यापर्यंत खाली काढायचे नाहीत. एका धुऱ्यावर एक जोडपे नेहमी राहू द्यायचे. बोडीवर पाण्याला आलेले पाखरू धरायचे नाही. आबाजी मोठे धर्मात्मा होते म्हणून हे नियम पाळीत, असे मी म्हणणार नाही. पाऊस लागला की पऱ्हे टाकणे, चिखलणी, रोवणी, निंदण यांतून पाखरांमागे फिरायला सवड कोणाला असते? तथापि कारण काहीही असो, पाखरांच्या अंडी-पिलांचे दिवस आणि आमच्या घरच्या कामाचे दिवस एकच होते, आणि त्या दिवसांत तितर निर्धास्त असे.

मी दहा वर्षांचा असताना मीही बारक्यासारखाच पराक्रम केला होता. ज्येष्ठात बोरीच्या झुडपापाशी बसलेली तितरी मी गुलेलीने पाडली. आबाजींनी मला मारले नाही. कान धरून त्याच झुडपापाशी नेले आणि वाळल्या गवताखाली जमिनीतच असलेला खळगा दाखविला. त्यात सात अंडी होती. ती त्यांनी धोतराच्या ओच्यात घालून घरी आणली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. आठ-दहा दिवसांनी चार अंडी फुटली. पिले कण्या खाईनात. आबाजी म्हणाले, "याले जिवंत किडा लागते." मग उधईचे वारूळ फोडून तिची ढेकळे रोज आणण्याचे काम माझ्याकडे आले. शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर एकदा. त्यांतली तीन पिले मेली. एक जगले आणि पोळ्याच्या सुमारास धुऱ्यावरच्या तुरीत पळून गेले. त्या पावसाळ्यात आबाजींनी मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकविले. "अंड्यावरची तितरी धरलास त पुढच्या साली काय धरशीन?"

त्यानंतर मी गुलेल हातात घेतली नाही. मला कोणी कायदा सांगितला नव्हता. मला उधई खणायला लावले होते.

आता कायद्याकडे वळू. पाखरांना सुटीचे दिवस असावेत ही कल्पना काही नवी नाही. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता त्या काळी, १९१२ साली, रानपाखरे व प्राणी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तितर, लावे, मोर, रानकोंबड्या, बदके वगैरे पाखरांसाठी 'बंद काळ' ठरविण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही त्यात छोट्या शिकारीचे परवाने होते आणि बंद काळ जाहीर करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची पद्धतच संपविली. तेव्हापासून रानपाखरांसाठी बाराही महिने बंद काळ आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो. परवान्यांच्या काळात परवाना कोणाला मिळे? ज्याच्याजवळ बंदूक, जीप आणि ओळख असे त्याला. रात्री दिव्याच्या झोतात पाखरे टिपणारे, जाळे टाकून थवेच्या थवे बाजारात नेणारे कोणत्या हंगामाला जुमानीत होते? आणि प्रत्येक फासेवाला आबाजींसारखे जोडपे सोडून देई, असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून "दोन महिने शिकार मोकळी करा, पोरांना रान तरी कळेल" असे जेव्हा आमच्या गावच्या पारावर कोणी म्हणते, तेव्हा मी त्याच्याशी सहमत होत नाही.

पण पारावरच्या त्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग मला टाकून देता येत नाही. बारा महिने बंदी असूनही आमच्या धुऱ्यांवर तितर वाढले नाहीत. उलट कमी झाले. लहानपणी पहाटे घराच्या मागे उभे राहिले की चारी बाजूंनी 'कतीतर, कतीतर' असा गलका ऐकू येई. आज कान देऊन बसावे लागते. असे का झाले?

पहिले कारण धुरा. तितर हा उडण्यापेक्षा पळणारा पक्षी. त्याला बोरी, सिंदी, तरोटा, उंच गवत यांचा आडोसा लागतो. अंडी तो जमिनीवर घालतो. रात्री काटेरी बाभळीवर बसतो. आमचे जुने धुरे रुंद होते. ट्रॅक्टर आले, हार्वेस्टर आले, तसे दोन बांध्यांची एक बांधी झाली आणि मधला धुरा गेला. जो उरला त्यावर तणनाशक मारले जाते. कापणीनंतर तणस पेटविली जाते आणि तिच्याबरोबर धुऱ्यावरचे गवतही जळते. दुसरे कारण औषधे. पिलांना आरंभी किडाच लागतो हे मी उधई खणून शिकलो. किडाच राहिला नाही तर पिले काय खातील? तिसरे कारण गावोगाव वाढलेली मोकाट कुत्री. यांतल्या एकाही गोष्टीला नाकेदार अडवू शकत नाही, कारण यांतली कोणतीच गोष्ट शिकार नव्हे.

ही केवळ आमच्या गावची गोष्ट नाही. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल प्रसिद्ध झाला. हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तो तयार केलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळचा कल त्यांना ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. मोर मात्र वाढला आहे. कायदा मोरालाही आहे आणि इतरांनाही आहे. म्हणजे फरक केवळ कायद्याने पडत नाही. आपल्याच भागातील सारस पाहा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतच उरला आहे. धानाच्या बांधीत तो घरटे करतो. त्याला खाण्यासाठी कोणी मारीत नाही, तरी त्याची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जेथे सारस टिकला, तेथे शेतकऱ्याने आपल्या बांधीतले घरटे राखले म्हणून टिकला.

येथे परदेशातले एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत टर्की नावाचा कोंबडीच्या जातीचा मोठा रानपक्षी आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी तो जवळजवळ संपला होता. १९३७ साली तेथे बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. पुढे रानातले पक्षी जाळ्यात पकडून, जेथे ते नव्हते तेथे नेऊन सोडण्यात आले आणि टर्की पुन्हा लाखांच्या संख्येने वाढला. परंतु गेल्या काही वर्षांत तो अनेक राज्यांत पुन्हा घटू लागला आहे, आणि शिकारीचा हंगाम केव्हा उघडावा यावर तेथे मोठा वाद चालू आहे. नर मारण्यापूर्वी माद्यांना अंड्यावर बसू द्यावे, असे एका पक्षाचे म्हणणे. जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा या राज्यांनी हंगाम उशिरा सुरू केला आणि एका शिकाऱ्याने किती नर मारावे ती मर्यादाही खाली आणली. दुसरा पक्ष म्हणतो, खरा दोष रान बदलल्याचा आहे. गंमत म्हणजे तेथे मुलांसाठी हंगामाच्या आधी वेगळे दिवस राखलेले असतात. मूल एकटे जात नाही; बरोबर जाणते माणूस असावे लागते.

आपल्याकडे ही पद्धत आणावी असे मी म्हणत नाही. तेथे पाखरांची मोजदाद होते, तिच्यावरून मर्यादा ठरते आणि शिकाऱ्याचा पैसा रानासाठी खर्च होतो. आपल्याकडे यांतले काय आहे? शिवाय आपल्या वाट्याला उरलेले रान किती आणि माणसे किती! मला त्यांची बंदूक नको. पण "बरोबर जाणते माणूस असावे" एवढी गोष्ट मात्र मला हवी आहे. आपण शिकार बंद केली आणि त्याबरोबर जाणत्या माणसाने पोराला रानात नेणेही बंद करून टाकले. आबाजींनी फासे सोडले, त्याबरोबर फाशांविषयी बोलणेही सोडले. बोललो तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल अशी त्यांना भीती वाटते. बारक्याच्या हातात गुलेल मात्र राहिली. त्याला नेम आला. हंगाम आला नाही. आषाढातली तितरी आणि पौषातला तितर यांत काय फरक, हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. त्यांनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. त्यांच्या मामांनी, जे स्वतः शिकारी होते, ती चिमणी दाखविण्यासाठी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी मुलाला हाकलून दिले नाही. त्यांनी चिमणीचे नाव सांगितले, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. ही १९०८ ची गोष्ट. त्या दिवशी त्यांनी "तू गुन्हेगार आहेस" एवढेच सांगून दार लावले असते तर?

आपल्या अगदी जवळचे उदाहरण मारुती चितमपल्ली यांचे. २०२५ साली ते निवर्तले. सोलापूरकडचा हा माणूस वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आला. तेथील तलाव आणि पाखरे त्यांना ज्यांनी दाखविली त्यांत माधवराव पाटील डोंगरवार यांचे स्थान मोठे होते. मराठी वाचक ज्या पाखरांवर लुब्ध झाला, त्यांची बरीचशी माहिती अशा रानातल्या माणसांच्या तोंडून चितमपल्लींच्या वहीत आली आहे. सरकारी अधिकारी शिष्य झाला आणि गावचा माणूस गुरू झाला, म्हणून ती विद्या वाचली.

फासेपारध्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याखाली ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले गेले त्यांत पारधीही आले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण डाग गेला नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला तेव्हा फासात सापडलेली हरणाची पाडसे आणि गाभण माद्या सोडून देण्याची फासेपारध्यांची जुनी रीत त्यांनी नोंदविली. आज आपल्याच विदर्भात, अकोला-वाशीमकडे, 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबर माळरान आणि तणमोर राखण्याचे काम करते. पाखरू कोठे बसेल हे जो फासा लावण्यासाठी ओळखत होता, तोच आता ते राखण्यासाठी ओळखतो. ज्ञान तेच आहे. फक्त काम बदलले. आपल्या जिल्ह्यातही भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांवरचे काम ढिवर बांधवांच्या पाणवनस्पतींच्या माहितीवर उभे केले आहे. मग धुऱ्यावरच्या पाखरांसाठी तसे का होऊ नये?

कोणी म्हणेल, जुन्या शिकाऱ्यांना पोरांचे गुरू केले तर शिकारीला प्रतिष्ठा मिळेल. ही शंका खोटी नाही. आबाजी जुन्या गोष्टी सांगू लागले की त्यांच्या डोळ्यांत चमक येते आणि ती केवळ पाखरावरच्या प्रेमाची नसते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच हे काम शिकाऱ्याने एकट्याने करावयाचे नाही. मध्ये आपण, म्हणजे कॉलेजात शिकणाऱ्यांनी उभे राहावयाचे आहे. आपल्याला कायदाही कळतो आणि आबाजींची बोलीही कळते. एवढा दुहेरी लाभ आपल्या आधीच्या पिढीला नव्हता आणि, मला भीती वाटते, आपल्या नंतरच्या पिढीलाही नसेल. कारण तोपर्यंत आबाजी राहणार नाहीत.

म्हणून प्राध्यापक महोदयांना आणि मित्रांना माझ्या तीन साध्या सूचना आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात एक सकाळ गावातल्या जुन्या जाणत्यांसाठी राखून ठेवावी. त्यांनी पूर्वी काय धरले हे विचारू नये. पाखरू कोठे बसते, केव्हा अंडी घालते, काय खाते, त्याला गावात कोणते नाव आहे, एवढेच विचारावे आणि वहीत उतरून घ्यावे. दुसरे, आपण गावोगावचे विद्यार्थी आहोत. प्रत्येकाने आपल्या गावचा एक धुरा ठरवून दरवर्षी शिमग्याच्या आठवड्यात पहाटे तेथे उभे राहून तितरांचे आवाज मोजावे. दहा वर्षांत या मासिकाजवळ जिल्ह्याची अशी नोंद जमेल की जी कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. तिसरे, प्रत्येकाने शाळेतले एक पोर बरोबर न्यावे. आणि घरची शेती असेल तर एक धुरा तणनाशकाविना राखावा. एवढे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मी हे नुसते लिहीत नाही. संक्रांतीच्या सुटीत मी आबाजींना आणि बारक्याला घेऊन पहाटे आमच्या धुऱ्यावर गेलो. आबाजींना आता दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बारक्या त्यांचा हात धरून चालत होता. बराच वेळ काही ऐकू आले नाही. थंडी फार होती आणि पोरगा कंटाळला होता. मग बोडीच्या अंगाने एक तितर बोलला. आबाजी म्हणाले, "नर होय. आता दुसरा बोलंन पाय." आणि खरोखरच पलीकडून दुसरा बोलला. बारक्याने बोटे मोडून मोजले. एकूण तीन. त्याने आबाजींना विचारले, "तुमच्या टाइमले किती होते?" आबाजींनी उत्तर द्यायला बराच वेळ लावला. म्हणाले, "मोजले नाई कधी. धरत होतो."

परत येताना बारक्याने गुलेल खिशातून काढली नाही. ती खिशात होती, हे मला ठाऊक आहे. त्याने ती टाकून दिली असे मी सांगणार नाही. परंतु घरी आल्यावर त्याने माझ्या वहीतले एक पान मागून घेतले आणि त्यावर तारीख घालून लिहिले, "तितर ३". शिमग्याला पुन्हा जायचे आहे, असे त्यानेच मला बजावून सांगितले आहे.